एकडोळ्याची साक्ष

तुम्ही खोटं लिहिलंत.

चुकून नाही, घाईत नाही. शिक्का मारून, तारीख घालून, तीन प्रतींत खोटं लिहिलंत. "मांजर-कक्षातील नऊ मांजरांचा मृत्यू परिचर महिलेच्या अस्वच्छतेमुळे पसरलेल्या संसर्गाने झाला." एवढं एकच वाक्य. त्या एका वाक्यात एका बाईची सत्तावीस वर्षं तुम्ही केराच्या टोपलीत टाकलीत. खात्यातल्या मोठ्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनो, तुमच्यापैकी एकानेही त्या कक्षात नाक घातलं असतं, तर हे वाक्य लिहायला हात धजावला नसता. नाक म्हणजे खरंच नाक. का, ते पुढे येईल.

जिने नाक घातलं, तिची ही गोष्ट.

जनावरांच्या त्या सरकारी दवाखान्यात तिला सगळे काचताई म्हणत. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काचपट्ट्या बघायच्या, रक्ताच्या, लघवीच्या, बुरशी लागलेल्या केसांच्या. पंचेचाळिशीची, बोलायला तिखट. "बाई, जरा गोड बोला की," असं कोणी म्हटलं, की ती म्हणे, "गोड हवं असेल तर मिठाईवाल्याकडे जा. इथे रक्त तपासतात."

बुधवारी दुपारी प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि मांजर-कक्षाची परिचर, मावशी, आत आली. हातात कागद. डोळे कोरडे होते.

"ताई, हे वाचा. शेवटची ओळ मला कळली. मधलं नाही कळलं."

शेवटची ओळ होती: शुक्रवारी अकरा वाजता सुनावणी, तोवर कक्षात पाऊल टाकायचं नाही, आणि आरोप सिद्ध झाल्यास कामावरून कमी.

मधलं काचताईने वाचलं. दोनदा वाचलं. मग कागद टेबलावर आपटला.

"अस्वच्छता? तुमची?"

"मी काय म्हणू? नऊ मेली, हे खरंच आहे." मावशी स्टुलावर टेकली. "कामाचं जाऊ दे ताई. उद्या मरेन तेव्हा लोक म्हणतील, हिने मांजरं मारली. ते घेऊन मी कुठे जाऊ?"

"कुठेही जायचं नाही. बसा. मी विचारते तेवढ्याची उत्तरं द्या."

त्या कक्षात अकरा मांजरं होती. सगळ्यांना एकच दुखणं: मांजरांची नागीण. नागिणीच्या विषाणूची मांजराची जात वेगळी असते. तिने नाक गळतं, डोळ्यांत फुलं पडतात. बरं होणारं दुखणं आहे. विषाणू मारणाऱ्या गोळ्या दिल्या, डोळ्यांत थेंब टाकले, की महिनाभरात मांजर शेपटी वर करून निघून जातं.

ही गेली नाहीत. एक तारखेला, सोमवारी, अकरा होती. नऊ तारखेला पहिलं मेलं. सोळा तारखेपर्यंत नऊ मेली. आणि आज होती सतरा.

काचताईने पेटीतून चार काचपट्ट्या काढल्या. मेलेल्यांपैकी चौघांचं रक्त तिच्याकडे आलं होतं. तिने त्या पुन्हा भिंगाखाली सरकवल्या, जणू आता तरी काही वेगळं दिसेल.

वेगळं दिसलं नाही. संसर्ग झाला की रक्तात पांढऱ्या पेशी शिपायांसारख्या धावून येतात. इथे शिपाईच नव्हते. चौकी ओस पडली होती.

"मावशी, घाणीने रक्त असं होत नाही. हे मी शुक्रवारीच लिहून पाठवलं होतं."

"कुणाला?"

काचताईने पोच-वही उघडली. बारा तारीख, शुक्रवार. चौथ्या मांजराचा अहवाल. समोर हिरव्या शाईत एक शब्द आणि सही: "पाहिले."

ती सही दवाखान्याच्या अधीक्षकांची होती. त्यांना सगळे घोडेसाहेब म्हणत.

*

मांजर-कक्ष दवाखान्याच्या मागच्या अंगाला होता, आणि तो शोधायला पाटीची गरज नव्हती. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथल्या मोरीवर, बुरशी लागलेल्या कुत्र्यामांजरांना गंधक-चुन्याच्या पाण्यात बुचकळून काढत. औषध अक्सीर. वास मात्र असा, की जणू शंभर नासकी अंडी एकदम फुटली. मोरीला लागूनच कक्षाचं एकुलतं एक टेबल. त्यावर नोंदवही, गोळ्यांची बरणी, गोळी कापायची डबी. जनावर अंग झटकणार आणि पिवळे शिंतोडे सगळ्यांवर उडणार, हे ठरलेलं.

दारावर मावशीच्या अक्षरात पाटी होती: "चप्पल बाहेर. चांदी काढून ठेवा. मांजराला घाबरवू नका, तेच तुम्हाला घाबरवेल."

आत दोन पिंजऱ्यांत जीव होता. बाकी नऊ रिकामे, धुतलेले, लख्ख.

एका पिंजऱ्यात चिमटी होती, मुठीएवढं पिल्लू. दुसऱ्यात एकडोळ्या. पांढरा, दणकट, रस्त्यावरचा बोका; एक डोळा जुन्याच मारामारीत गेलेला. काचताईला बघून तो असा फिस्कारला, की जणू त्याच्या घरात कोणी न विचारता शिरलंय.

"तुम्हीच कसे जगलात रे?" काचताईने विचारलं.

दोन्ही पिंजरे मधोमध होते. दोन्हीकडे मेलेले शेजारी. एकच फडकं, एकच बादली. घाणीने नऊ मेली असती, तर ही दोघं काय सोवळ्यात होती?

चिमटीच्या पिंजऱ्यावर चिठ्ठी होती: "वजन फार कमी. गोळी नाही. फक्त डोळ्यांत थेंब."

एकडोळ्याच्या पिंजऱ्यावर चिठ्ठी होती: "गोळी. तीन वेळा. सांभाळून."

म्हणजे एकाला गोळी नव्हती आणि एकाला होती. काचताईने कपाळाला आठ्या घातल्या. मग तिचं लक्ष बोक्याच्या हनुवटीकडे गेलं. पांढऱ्या केसांवर एक फिकट निळा डाग होता. गंधकाचा डाग पिवळा असतो.

तिने हाताला जाड टॉवेल गुंडाळला, बोक्याला एका बाजूला ढकललं, तीन ओरखडे खाल्ले, आणि पिंजऱ्याच्या मागची लाकडी फळी सरकवली.

फळीमागे गोळ्यांचे तुकडे होते. कापलेले, ओलसर होऊन वाळलेले. तिने चिमट्याने एकेक उचलून काचेच्या ताटलीत ठेवले. एकतीस. सगळे पाव-पाव गोळीचे. आतून पांढरे, बाहेरून निळे.

गोळी कापायच्या डबीच्या पात्याला तीच निळी भुकटी चिकटलेली होती. बरणी मात्र कोणीतरी घासूनपुसून पालथी घातली होती.

तिने नोंदवही बगलेत मारली आणि निघाली.

*

"मावशी, गोळी कुठल्या रंगाची देत होता?"

"आधी पांढरी. महिन्याच्या सुरुवातीपासून निळी. मोठी होती, म्हणून पाव करून द्यायची असं सांगितलं होतं."

"कोणी सांगितलं?"

"गोळीभाऊने. बरणी तोच भरून देतो."

"रंग बदलला, तर विचारलं नाही?"

मावशी जरा दुखावली. "ताई, कंपनी बदलली की रंग बदलतो. गेल्या वर्षी जंताची गोळी तीनदा रंग बदलून आली. मी काय प्रत्येक गोळीची जन्मपत्रिका मागू? पण लिहायचे हां मी. वहीत रोज लिहायचे. निळी पाव, निळी पाव. आणि एकडोळ्यापुढे थुंकला, थुंकला. तो मेला कधी गिळतच नाही."

"मेला नाही, मावशी. न गिळल्यामुळेच मेला नाही."

मावशीला ते कळायला एक क्षण लागला. कळलं, तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे ज्यांनी मुकाट्याने खाल्ली... माझ्या हातून..."

"आत्ता रडायचं नाही. शुक्रवारनंतर."

काचताईने नोंदवही उघडली. मागच्या महिन्याची पानं चाळताना डोळ्यांतून पाणी आलं, शिंकाही आल्या. या महिन्याच्या पानांवर आल्यावर जरा बरं वाटलं, वाचायला सोपं गेलं. नीटनेटकं, गोल अक्षर. कुठे डाग नाही, खाडाखोड नाही. प्रत्येक मांजरापुढे: "पांढरी एक. गिळली." एकडोळ्यापुढेसुद्धा, सोळा दिवस, दिवसातून तीनदा: "पांढरी एक. गिळली."

काचताईने वही मिटली. 

मग तिने धाकट्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मांजर-कक्ष त्यांचाच, पण मागच्या महिनाअखेरपासून त्या दूरच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या.

"बाई, मांजरांना कुठली गोळी लिहून गेला होता?"

"फॅमसायक्लोव्हिर. पांढरी, छोटी. का हो?"

"आणि निळी, मोठी, त्याच दुखण्याची कुठली असते?"

पलीकडे आवाज बदलला. "व्हॅलासायक्लोव्हिर. ती घोड्यांच्या नागिणीची. आपल्या तबेल्याच्या कपाटात आहे. ताई, ती कुणी मांजराला दिली नाही ना? मांजराला ती सोसत नाही. हाडाच्या आतला मगज जळतो, रक्तच बनत नाही. यकृत जातं, मूत्रपिंड जातं. पाव गोळीसुद्धा..." त्या थांबल्या. "किती गेली?"

"नऊ."

"मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या. हे सगळं सही करून लिहून पाठवते."

*

गोळीभाऊ औषध-भांडाराच्या खिडकीत बसला होता. पन्नाशीचा, सदा हसरा, हातात चांदीचं जाड कडं. आज हसू नव्हतं.

"भाऊ, मांजरांच्या बरणीत काय भरलंत?"

"जे लिहिलं होतं ते."

"पांढरी?"

"पांढरी."

"मग ही काय?" तिने ताटली खिडकीत ठेवली.

गोळीभाऊने ताटलीकडे पाहिलं नाही. तिच्याकडेही पाहिलं नाही. कडं मनगटावर गोल गोल फिरवत बसला. चकचकीत कडं, खिडकीतल्या उन्हात नुसतं लखलखत होतं.

"काचताई, माझी दोन वर्षं राहिलीत. आई अंथरुणाला खिळलीय. बदली झाली, तर तिला कोण बघेल? जा तुम्ही."

"मावशीला कोण बघेल?"

"जा म्हणतो ना."

त्याच्यामागे भांडाराच्या भिंतीवर कामवाटपाचा तक्ता लटकला होता, त्याच्याच हाताने लिहिलेला. काचताईने तो जाता जाता पाहिला. नीटनेटकं, गोल अक्षर.

*

घोडेसाहेबांच्या खोलीत भिंतभर घोड्यांचे फोटो होते. माणूस खरा जाणकार होता, हे काचताईही नाकारत नसे. गेल्या वर्षी घोडेस्वार पथकात नागिणीची साथ आली, घोड्यांचे मागचे पाय लुळे पडले, तेव्हा हा माणूस अकरा दिवस तबेल्यात झोपला होता. सतरा घोडे उभे केले त्याने. पथकाने त्याला घोड्याचं तोंड कोरलेली चांदीची अंगठी दिली, आणि सरकारने अधीक्षकाची खुर्ची. अंगठी त्याला शोभत होती.

आत्ता ती अंगठी त्याच्या हातात नव्हती. टेबलावर रुमाल पसरून, टूथपेस्ट लावून, तो जुन्या ब्रशने ती घासत होता.

"हवा फार दमट आहे हो," तो म्हणाला. "चांदी टिकत नाही. बोला बाई."

"साहेब, मांजरांना कुठली गोळी दिली गेली?"

"नोंदवहीत आहे."

"माझा अहवाल वाचलात? शुक्रवारचा?"

"रोज पन्नास कागद येतात. पाहिला असेन."

"मग कक्षात येऊन गेलात?"

तो हसला. "त्या वासात? महिना झाला, त्या बाजूला पाऊल टाकलेलं नाही. ते डॉक्टरीणबाईंचं राज्य. हे बघा बाई, तुमच्या भावना कळतात. पण काचेत बघण्याचं काम तुमचं. बाहेर बघायला आम्ही आहोत."

"तेच तर," काचताई म्हणाली. "बाहेर कोणीच बघत नाहीये."

वाचकहो, काचताईजवळ या घटकेला जे होतं, ते सगळं आता तुमच्याहीजवळ आहे. गोळी बरणीत कोणी भरली, ते तुम्ही ओळखलं असेल. पण नऊ मांजरांचा गुन्हेगार तोच का, ते तपासून बघा. घाई नाही. सुनावणी शुक्रवारी आहे.

*

सुनावणीला संचालकबाई आल्या होत्या. बारीक चष्मा, पातळ ओठ. त्यांच्या एका अंगाला घोडेसाहेब, दुसऱ्या अंगाला गोळीभाऊ. समोर एकटी खुर्ची मावशीसाठी. काचताईला कोणी बोलावलं नव्हतं. ती स्वतःच खुर्ची ओढून मावशीशेजारी बसली.

"आपण कोण?" संचालकबाईंनी विचारलं.

"हिची बाजू मांडणारी. नियमात आहे. सहकारी आणता येतो. मी नियम वाचून आलेय, तुम्हीही वाचला असेलच."

घोडेसाहेबांनी डोळे मिटले. संचालकबाई म्हणाल्या, "मांडा. थोडक्यात."

"थोडक्यातच. नऊ मेली, दोन जगली. फडकं एक, बादली एक, हात एकाच बाईचे. मग जगलेल्या दोघांत काय वेगळं होतं? चिमटी फार लहान, म्हणून तिला गोळी नव्हती. आणि एकडोळ्या गोळी गिळत नाही. थुंकतो." तिने ताटली पुढे सरकवली. "ही त्याची साक्ष. एकतीस तुकडे, त्याच्या पिंजऱ्याच्या फळीमागे सापडले. ज्यांनी गोळी खाल्ली ती मेली. मॅडम, मारलं घाणीने नाही, गोळीने."

तिने डॉक्टरीणबाईंचं पत्र ठेवलं. संचालकबाईंनी ते वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"घोड्यांची गोळी?"

"तबेल्याच्या कपाटातली. तुकड्यांवर कोरलेले आकडे तिथल्या पाकिटातल्या गोळ्यांशी जुळतात. मी काल ताडून पाहिलेत."

घोडेसाहेब पुढे झुकले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच झालं! या बाईने चुकीची गोळी दिली. अस्वच्छता नसेल, तर हलगर्जी म्हणा. शब्द बदलू आपण."

"थांबा साहेब. शब्द नंतर बदलू. आधी पानं कोणी बदलली, ते बघू." काचताईने नोंदवही उघडली. "मॅडम, एकडोळ्यापुढे काय लिहिलंय?"

"पांढरी एक, गिळली."

"किती वेळा?"

"रोज... तीन वेळा. सोळा दिवस."

मावशीच्या तोंडून फस्सकन हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "अहो बाई, त्या बोक्याने जन्मात गोळी गिळलेली नाही. आणू का त्याला? तुम्ही देऊन दाखवा. बोटं सगळी परत मिळाली, तर मी आत्ता राजीनामा देते."

"नको," संचालकबाई घाईने म्हणाल्या.

"मागचा महिना बघा," काचताई म्हणाली. "हे मावशीचं अक्षर. थुंकला, थुंकला, थुंकला. आणि एक तारखेपासून बोका एकदम शहाणा झाला? आता वास घ्या."

"काय?"

"वास, मॅडम. मागच्या महिन्याच्या पानाचा."

संचालकबाईंनी वही नाकाजवळ नेली, आणि मान अशी झटकली, की चष्मा टेबलावर पडला.

"आता या महिन्याच्या."

त्यांनी जपून वास घेतला. पुन्हा घेतला. "कशाचाच येत नाही."

"ती वही मोरीशेजारी असते. आठवड्यातून दोनदा गंधकाचं पाणी उडतं. एक तारखेपासून सोळा तारखेपर्यंत पाच वेळा उडालंय. मग डाग कुठे? वास कुठे? ही पानं त्या कक्षात कधी होतीच नाहीत. मंगळवारपर्यंतची खरी पानं कोणीतरी काढली आणि बुधवारी ही शिवून ठेवली. बुधवारीच मावशीला कक्षातून हाकललं, म्हणजे तिला वही दिसायला नको."

"अक्षर कोणाचं आहे?"

 काचताईला उत्तर द्यावंच लागलं नाही. गोळीभाऊचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बघा," घोडेसाहेब हळूच म्हणाले. "बरणी त्याने भरली. पानं त्याने लिहिली. मला वाटतं, चित्र स्पष्ट आहे."

"अर्धं स्पष्ट आहे," काचताई म्हणाली. "मंगळवारी संध्याकाळी वही कक्षातून कोणी उचलली? त्या दिवशी पाण्याचा दिवस होता. वही ओलीचिंब असते. भाऊ, हात वर करा जरा."

गोळीभाऊने हात वर केला. कडं लखलखलं.

"मावशी, दारावर काय लिहिलंय?"

"चांदी काढून ठेवा." मावशीने कनवटीची गाठ सोडली आणि चांदीची अंगठी टेबलावर ठेवली, आरशासारखी. "सत्तावीस वर्षं काढून ठेवते मी. ते पाणी चांदीला लागलं, की कोळसा होतो तिचा."

"भाऊंचं कडं मनगटावर फिरतं, पण पंजावरून निघत नाही. ते बुधवारी चकचकीत होतं, आजही आहे. त्या वहीला त्यांनी ओली असताना हात लावलेला नाही. आणि बुधवारी या इमारतीत एकच माणूस बसून चांदी घासत होता."

सगळ्यांच्या माना वळल्या. घोडेसाहेबांनी हात टेबलाखाली नेला. मग ते स्वतःलाच बरं दिसलं नसावं. त्यांनी हात पुन्हा वर ठेवला. अंगठी वरून चमकत होती, पण घोड्याच्या कोरलेल्या आयाळीतली प्रत्येक रेघ काळी होती.

"दमट हवा," ते म्हणाले.

"याच हवेत भाऊंचं कडं आहे. याच हवेत मावशीची अंगठी आहे. साहेब, महिनाभर त्या बाजूला पाऊल टाकलं नाही म्हणालात."

 मग गोळीभाऊची खुर्ची करकरली. तो उठला आणि न विचारता बाहेर गेला. परत आला तेव्हा हातात प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी होती. गाठ सोडताच खोलीभर नासक्या अंड्यांचा वास सुटला.

"साहेबांनी ही पानं जाळायला सांगितली होती," तो म्हणाला. "माझा हात धजावला नाही. लशींच्या फ्रीजमध्ये ठेवली. कपाटात ठेवली असती तर वासानेच पकडलो असतो." तो मावशीकडे वळला. "पांढऱ्या गोळ्या संपल्या होत्या. साहेब म्हणाले, घोड्यांच्या दे, विषाणूची जात एकच. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना विचारू का? म्हणाले, सतरा घोडे मी वाचवलेत का तिने? मी भरल्या. मंगळवारी वही आणून माझ्यापुढे टाकली आणि सांगितलं, वाळली की लिही. मी लिहिलं. मावशी, मी भित्रा आहे."

"आहेस," मावशी म्हणाली. "पण जाळली नाहीस."

पिवळ्या डागाळलेल्या पानांवर तिचं वाकडंतिकडं अक्षर होतं. निळी पाव. निळी पाव. थुंकला.

घोडेसाहेबांचा आवाज आता खोलीएवढा मोठा राहिला नव्हता. "त्या गोळीने माझे घोडे उभे राहिले होते. मला वाटलं... चूक झाली. चूक कुणाचीही होते."

"होते," काचताई म्हणाली. "एक तारखेला झाली ती चूक. मांजराला कधी हात न लावलेल्या घोड्याच्या डॉक्टरची चूक. ती मी माफ केली असती, साहेब. मावशीनेही केली असती." तिने पोच-वही उघडली, हिरवी सही वर करून. "बारा तारखेला माझा अहवाल तुम्हाला मिळाला. रक्त बनणं थांबलंय, औषध तपासा, असं त्यात सरळ लिहिलं होतं. तुम्ही लिहिलंत, पाहिले. गोळी बंद करायची, तर का केली ते लिहावं लागलं असतं. म्हणून बंद केली नाहीत. त्या शुक्रवारी या नवांतली पाच मांजरं जिवंत होती. पाच. ती चुकीने नाही मेली."

अंगठीवरच्या घोड्याकडे पाहत तो माणूस बसून राहिला. सतरा घोड्यांसाठी तबेल्यात झोपणारा हाच होता, हेच त्यातलं सगळ्यात वाईट.

संचालकबाईंनी कागद गोळा केले. "प्रकरण वर पाठवलं जाईल. परिचर बाईंना सहानुभूतीपूर्वक विचार करून कामावर रुजू—"

"नको," मावशी म्हणाली.

"काय नको?"

"सहानुभूती. ती मांजरांना द्यायची होती. मला कागद द्या. ही नऊ मांजरं माझ्या घाणीने मेली नाहीत, एवढं लिहा. ज्या शिक्क्याने ते खोटं लिहिलंत, त्याच शिक्क्याने लिहा."

"ते आमच्या अधिकारात नाही. वरून यावं लागेल."

"मग वरच्यांना सांगा, मी वाट बघतेय."

*

आज एक्केचाळीस दिवस झाले.

घोडेसाहेबांची बदली झाली, याहून मोठ्या दवाखान्यात. गोळीभाऊला ताकीद मिळाली. चिमटीचे डोळे बरे झाले, एकडोळ्या कक्षातच राहिला आणि कुणालाही जुमानत नाही. मावशी कामावर आहे. पण तुमच्या फायलीत ते वाक्य अजून तसंच आहे, शिक्क्यासकट, तीन प्रतींत.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी, गंधकाचं पाणी आटोपलं, की मावशी हात न धुता, कपडे न बदलता, तुमच्या मुख्य कार्यालयात येते आणि प्रतीक्षा-कक्षातल्या मधल्या खुर्चीवर बसते. काचताई शेजारी बसते. तुमचे लोक नाकाला रुमाल लावून जातात. शिपाई खिडक्या उघडतो. साहेब बैठकीत आहेत, असं सांगितलं जातं. त्या म्हणतात, असू देत.

तुम्हाला वास येतोय, हे आम्हाला माहीत आहे. तो सहन होत नसेल, तर उपाय सोपा आहे, एका कागदाचा.

बारा तारखेला त्या नवांतली पाच मांजरं जिवंत होती. हिरव्या सहीखाली ती मेली, आणि दोष तुम्ही एका बाईच्या फडक्यावर टाकलात. कोणाच्या सांगण्यावरून? ते वाक्य कोण खोडणार, आणि कधी?

उत्तर द्या. लेखी द्या. आम्ही मधल्या खुर्चीवर आहोत.